अण्णांची निळी फटफटी

आमच्या वस्तीत आता घरटी एक मोटारसायकल आहे, काही घरांत दोन. चाळीस वर्षांपूर्वी सगळ्या वस्तीत मिळून एकच होती आणि ती आमच्या दारात उभी असायची. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बुलेट. ती आजही आहे आणि आजही चालते. तिचे टॅपेट मी लावते. हे वाचून कोणाला छपाईची चूक वाटेल म्हणून आधीच सांगते, लिहिणारी बाई आहे.

गाडी लष्कराने मोडीत काढलेली. मॉडेल १९७४ चे, अण्णांनी लिलावात घेतली १९८४ साली. खडकीत राहणाऱ्यांना लष्कराच्या लिलावांची माहिती असतेच. तेव्हा नवी बुलेट घेणे आमच्यासारख्या कामगाराच्या घरात स्वप्नातही येत नसे. अण्णांनी पतपेढीचे कर्ज काढून साडेचार हजारांना ती उचलली आणि हातगाडीवर घालून घरी आणली, कारण ती चालत नव्हती. आईने त्या दिवशी स्वयंपाक केला नाही, एवढेच सांगते.

रंग लष्करी हिरवा होता. तो रंग फक्त लष्कराच्या गाड्यांना चालतो, खासगी माणसाला ठेवता येत नाही. त्यामुळे रंग बदलणे भागच होते. अण्णांनी आठ दिवस पॉलिश पेपरने टाकी घासली आणि ब्रशने निळा ऑइलपेंट दिला. निळाच का, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. टाकीवर आजही कुठे ओरखडा पडला की निळ्याखालून हिरवा दिसतो.

या गाडीचे आणि लष्कराचे नाते जुने आहे. सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती, त्यातूनच १९५५ साली मद्रासला बुलेट बांधणारा कारखाना उभा राहिला. मूळ आराखडा इंग्लंडचा. ३४६ सीसीचे एकच सिलिंडर, पिस्टनची रुंदी ७० मिलिमीटर आणि त्याची वरखाली धाव ९० मिलिमीटर. धाव लांब म्हणून ठोका सावकाश पडतो, आणि म्हणून तो डुग-डुग आवाज. जुन्या गाडीचे गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. आजच्या मुलाने चालवायला घेतली की ब्रेक म्हणून गिअर दाबतो. माझ्या भाच्याने दोनदा दाबला आहे.

अण्णांना गाडीचे काम कोणी शिकवले नाही. लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्री शेजारच्या गल्लीत होते, त्यांच्याजवळ उकिडवे बसून बघत बघत ते शिकले. पण एवढे बारकाईने का शिकले, याचे कारण गावाकडे आहे.

१९८५ सालच्या उन्हाळ्यात अण्णा पहिल्यांदा बुलेट घेऊन गावी गेले. आपली वस्ती गावाच्या पलीकडच्या टोकाला, रस्ता गावातून जातो. चावडीपाशी पारावर बसलेल्यांपैकी एकाने हात करून गाडी थांबवली आणि म्हणाला, "इथून पुढं उतरून ढकलत न्यायची." अण्णांनी गाडी बंद केली नाही. म्हणाले, "जुनी गाडी हाय. बंद केली तर परत चालू व्हत नाय. आन् साडेचार मणाची गाडी ढकलायला तुमच्यातलं दोघं द्या." त्यावर पारावरचे एक म्हातारे हसले, बाकीचे हसले नाहीत. अण्णा पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने, सगळ्या गावातून गाडीवर बसूनच गेले. त्यांना घाई नव्हती असे ते आजही सांगतात. आई मागे बसली होती. ती सांगते की अण्णांचा सदरा पाठीला चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी परत निघताना त्याच पारासमोर गाडी बंद पडली. कंडेन्सर तापला होता. खराब कंडेन्सरची खोड अशी की गार असताना गाडी नीट चालते आणि तापली की दगा देते. अण्णांनी तिथे अकरा किका मारल्या. आईने मोजल्या होत्या. अकराव्या किकेला गाडी चालू झाली, पण तोवर पारावरच्या लोकांचे जे हसून व्हायचे ते झाले होते.

त्यानंतर गावी जायच्या आदल्या रविवारी अण्णा नवा कंडेन्सर टाकत. जुना चांगला असला तरी टाकत. जुना डब्यात ठेवत, वस्तीत कोणाच्या गाडीला लागला तर देत. आणि सर्व्हिसिंग असे करत की पहिल्या किकेला चालू झालीच पाहिजे. "दुसरी किक आपल्याला परवडत न्हाय," हे त्यांचे वाक्य मी लहानपणापासून ऐकले. मला वाटायचे पेट्रोलच्या खर्चाबद्दल बोलतात.

आता काम कसे चालायचे ते सांगते, कारण वस्तीतली पोरे अजून विचारतात आणि बहुतेकांचा क्रम उलटा असतो. गाडी बिघडली की पोरे आधी कार्बोरेटर उघडतात. तो दिसतो, त्याला दोन स्क्रू असतात, फिरवायला सोपे. अण्णांचा नियम उलटा. आधी टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. व्हॉल्व्ह वेळेवर उघडत नसेल, ठिणगी वेळेवर पडत नसेल, तर कार्बोरेटर कितीही फिरवा, एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली जाते एवढेच.

टॅपेट गार इंजिनावर लावायचे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी घ्यायची. प्लग काढायचा, मेन स्टँडवर चौथ्या गिअरमध्ये मागचे चाक हाताने फिरवून पिस्टन वर आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा फेरीत. सिलिंडरच्या बाजूचे झाकण काढले की दोन पुशरॉड दिसतात. त्यांच्या खालच्या टोकाला लॉकनट असतो, तो सैल करून लांबी कमी-जास्त करायची. माप असे की रॉड दोन बोटांनी धरून गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. गेज लागत नाही, बोटांनी कळते. घट्ट झाला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. सैल राहिला तर टिक-टिक वाजतो आणि ताकद जाते. खरी मेख पुढे आहे. बरोबर लावून लॉकनट आवळला की त्या आवळण्यातच माप केसभर सरकते. म्हणून शेवटी गाडी चालू करून कानाने ऐकायचे, आणि वाजत असेल तर गार झाल्यावर परत उघडायचे.

पॉइंटचे अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ते फीलर गेजने बघायचे, आणि त्याआधी बारीक पेपरने पॉइंट साफ करून कपड्याने पुसायचे, कारण बोटाचे तेल लागले तरी ठिणगी बिघडते.

टायमिंग हा अण्णांचा अभिमानाचा विषय. पिस्टन वर पोचायला ०.८ मिलिमीटर बाकी असताना पॉइंट उघडले पाहिजेत. त्यासाठी त्यांनी सायकलच्या स्पोकवर दोन रेघा ओढल्या आहेत. प्लगच्या भोकातून स्पोक आत सोडायचा. भोक तिरपे आहे, म्हणून स्पोक दर वेळी त्याच कोनात धरावा लागतो, नाहीतर माप खोटे येते. पॉइंट उघडल्याचे कळते अँपिअर मीटरवरून. चावी चालू केली आणि पॉइंट मिटलेले असले की हेडलाइटवरच्या मीटरचा काटा डावीकडे पडतो. पॉइंट उघडले की टपकन मध्ये येतो. पॉइंटचा डबा हळूहळू फिरवत तो काटा कधी उडी मारतो ते बघायचे आणि तिथेच आवळायचे. यात कानाचे काही काम नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

कारण अण्णांचे कान गेले होते, आणि ते घरात कोणी बोलत नव्हते.

एका कारखान्यात पत्रा दाबण्याच्या खात्यात त्यांनी बावीस वर्षे काढली. प्रेसचा दणका दिवसभर. कानात घालायला कोणी काही दिले नाही आणि यांनी मागितले नाही. कोणीच मागत नसे. मागणाऱ्याला बायल्या म्हणत. कान एकदम जात नाहीत. मोठ्या आवाजाने आधी बारीक, वरचे सूर जातात आणि खालचे जाड आवाज बरीच वर्षे ऐकू येत राहतात. हे मला नंतर कळले. तेव्हा एवढेच दिसायचे की अण्णांना बुलेटचा डुग-डुग ऐकू येतो, पुरुषाचे बोलणे बरेचसे कळते, आणि आईची किंवा माझी हाक ऐकू येत नाही. आईला वाटायचे मुद्दाम करतात. त्यावरून घरात भांडणे झाली. ती आठवली की आता वाईट वाटते.

टॅपेटची टिक-टिक हा बारीक आवाज. १९९५ च्या डिसेंबरात, २५ तारखेला, आम्ही देहूरोडला निघालो होतो. बाबासाहेबांनी १९५४ साली याच तारखेला देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हापासून आमच्या घरात ही तारीख मोडत नाही. मी मागे बसले होते. दापोडीचा पूल ओलांडला आणि मला टॅपेट वाजताना ऐकू आले, शिवणयंत्रासारखे. पिंपरीच्या पुढे अण्णांनी वेग वाढवला तेव्हा दुसराही आवाज आला, काचेच्या गोट्या डब्यात हलवल्यासारखा. म्हणजे टायमिंगही पुढे गेले होते. मी खांद्यावर हात मारून ओरडले, "अण्णा, वाजतंय!" ते म्हणाले, "गाडी मस्त चाललीय."

देहूरोडला उतरल्यावर मी परत सांगितले. अण्णांनी इंजिनाजवळ कान नेला, बराच वेळ ऐकले आणि म्हणाले, "काय बी वाजत न्हाय. तुला काय कळतंय?" आसपास ओळखीचे लोक होते, "जयभीम अण्णा" म्हणत होते. एकाने माझ्याकडे आणि मग गाडीकडे बघितले. त्यालाही ऐकू येत होते. पण तो बोलला नाही, आणि मग मीही बोलले नाही.

त्यानंतर दीड वर्ष मी जे केले ते आज लिहिते. अण्णा रविवारी सर्व्हिसिंग करायचे. रात्री ते झोपले की मी आणि आई बाहेर यायचो. आई बॅटरी धरायची, मी झाकण काढून टॅपेट परत लावायचे. पाने कुठले लागतात ते दहा वर्षे बघून पाठ होते. रात्री गाडी चालू करता येत नसे, नुसते बोटांवर भरवसा. सकाळी अण्णा किक मारून निघाले की मी दारात उभी राहून ऐकायचे. कधी साधायचे, कधी नाही. आई म्हणायची, "त्यांना कळलं तर परत गाडीला हात लावायचे न्हाईत, आणि मग घरात बसून काय करतील?" तोवर कारखाना बंद पडला होता.

१९९७ च्या उन्हाळ्यात एका सोमवारी अण्णांनी सकाळीच झाकण उघडले. सैल झालेला नट कळावा म्हणून ते आवळल्यावर लॉकनटवर निळ्या रंगाचा ठिपका देत, निम्मा नटावर, निम्मा रॉडवर. मला ते माहीत नव्हते, कारण बॅटरीच्या उजेडात निळे आणि काळे सारखेच दिसते. तो ठिपका मधोमध तुटलेला होता.

आठ दिवस अण्णा बोलले नाहीत. जेवायचे, गाडी पुसायचे, फिरून यायचे. आई मला डोळ्यांनी दटावत होती, जणू मी एकटीनेच केले. पुढच्या रविवारी त्यांनी नेहमीसारखे गोणपाट अंथरले, हत्यारे मांडली, रॉकेलची वाटी ठेवली आणि स्वतः गोणपाटाच्या पलीकडे जाऊन बसले. पाना माझ्यापुढे धरला.

"चोरून कशाला?" म्हणाले. "उजेडात कर."

मी केले. हात थरथरत होते. वस्तीतल्या चारदोन बाया नळावरून बघत होत्या. लॉकनट आवळताना अण्णांनी माझे मनगट धरले आणि दाखवले की एका पान्याने खालचा भाग धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, म्हणजे माप सरकत नाही. इतकी वर्षे बघून मला ते कळले नव्हते. मग गाडी चालू केली. अण्णांनी टाकीवर पंजा ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारले, "वाजतंय का?"

मी एक बोट वर केले. म्हणजे एक वाजतोय. तेव्हापासून आमची तीच खूण. एक बोट म्हणजे एक टॅपेट, दोन बोटे म्हणजे दोन्ही, मूठ म्हणजे ठीक.

त्याच महिन्यात ते कामगार विम्याच्या दवाखान्यात जायला तयार झाले. कानाच्या तपासणीच्या कागदावर रेघ सरळ येते आणि बारीक सुरांपाशी दरीसारखी खाली पडते, ती मी तिथे पाहिली. आवाजाने आलेले बहिरेपण तेव्हाच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोगांच्या यादीत होते. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा तेव्हाच्या कारखान्यांच्या नियमांत होती. हे आम्हाला कळले तेव्हा दावा कोणावर करायचा? गेटला कुलूप होते. ज्यांचे गेट अजून उघडे आहे त्यांनी कानाची तपासणी करून कागद जपून ठेवावा. माझा भाचा चाकणला प्रेसवरच आहे. कामावर निघताना अण्णा त्याचा खिसा चाचपतात. कानाची बुचे दिसल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. पोरगा वैतागतो, पण दाखवतो.

अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. कानाला लावायचे यंत्र मिळाले आहे, ते ते जेटच्या डब्यात ठेवतात. दर पाच वर्षांनी गाडीचे पासिंग करायचे, हरित कर भरायचा, पीयूसी काढायची. दादा म्हणतो, विकून टाका, जुन्या बुलेटला आता हौशी लोक मागतील ते पैसे देतात. त्याचे चूक आहे असे मी म्हणणार नाही. त्याच्या घरात दोन मुलींची शिक्षणे आहेत. पण अण्णा असेपर्यंत तो विषय परत निघणार नाही, एवढे त्याने कबूल केले आहे.

मागच्या वर्षी एक नवीच कटकट निघाली. गाडी गार असताना नीट आणि वेग धरला की मध्येच धाप लागल्यासारखी करायची. मी क्रमाने गेले. टॅपेट, पॉइंट, टायमिंग सगळे बरोबर. प्लग काढून बघितला. तो बिस्किटाच्या रंगाचा असावा लागतो. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी. हा पांढराफट्ट. आता पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटमधून येणारे तेवढेच इंधन इंजिनाला अपुरे पडते. शिवाय इथेनॉल ओल धरते आणि जुनी रबरे फुगवते. नळी आणि वॉशर बदलले, मेन जेट एक नंबर मोठा टाकला, हवेचा स्क्रू पूर्ण बसवून दीड फेरा उलटा सोडला आणि तिथून थोडा पुढे-मागे करून जिथे इंजिन सर्वांत नेमके फिरते तिथे ठेवला. प्लग परत रंगावर आला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर आता कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवते, नाहीतर आत चिकट साका धरतो. अण्णांना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या मते पंपवाला पाणी घालतो.

भाचा म्हणतो, "आत्या, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक बसव, कायमची कटकट जाईल." खरे आहे, जाईल. मी विचारही केला. पण पॉइंट गेले की काट्याची ती उडी जाईल, आणि सगळ्या सर्व्हिसिंगमध्ये अण्णांना स्वतःच्या डोळ्यांनी करता येते असे तेवढेच काम उरले आहे. स्पोक अजून तेच धरतात. मी डबा फिरवते, ते काटा बघतात आणि हात वर करतात.

देहूरोडला आता मी पुढे आणि ते मागे. २५ डिसेंबरच्या आधीच्या रविवारी गोणपाट अंथरले. या वेळी टॅपेट भाच्याला लावायला दिले, मी नुसती बसले. त्याने दोन पाने धरून नट आवळला, झाकण बसवले, किक मारली. पहिल्या किकेला चालू झाली. अण्णांनी टाकीवर पंजा ठेवला आणि माझ्याकडे नव्हे, त्याच्याकडे बघितले.

"वाजतंय का?"

पोरगा माझ्याकडे बघू लागला. मी मान वळवली. त्याने थोडा वेळ ऐकले, आणि एक बोट वर केले.

"मग गार होऊ दे," अण्णा म्हणाले, आणि चावी बंद केली.

इंजिन गार व्हायला वेळ होता. तेवढ्यात आम्ही जेवून घेतले.